न केल्याचे पाप

पाप म्हणजे काहीतरी वाईट करणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. ख्रिस्ती धर्म याच्या एक पाऊल पुढे जातो. सत्कृत्य कोणते हे कळूनही ते न करणे, हेसुद्धा त्याच्या लेखी पापच! चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटसरूला घायाळ केले ते लुटारूंनी. याजक आणि लेवी यांनी काय केले? काहीच नाही. ते बाजूने निघून गेले, एवढेच. दाखल्याचा रोख मात्र त्यांच्यावर आहे.

विलेपार्ले स्टेशनच्या पुलावर एखादा आजारी भिकारी दिसला, की मला हा दाखला हटकून आठवतो. भोवतालचे सारेच सज्जन असतात. पण प्रत्येकाला गाडी गाठायची असते!

पंडिता रमाबाईंपाशी तर याहून सबळ सबब होती. पुण्याच्या शारदा सदनाचा भार त्यांच्या शिरावर होता. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यातूनच केडगावचे मुक्तिसदन वाढले. स्वतःचे आईवडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. ज्याला भूक ठाऊक आहे, त्याला 'मला कल्पना नव्हती' असे म्हणण्याची सोय उरत नाही.

आणि विद्यार्थिमित्रहो, आपल्याला तरी ती सोय कुठे आहे?