आपसात सांभाळून घ्या

पतपेढीच्या खिडकीत तीस वर्षे बसलेल्या बाईला जगातले बहुतेक प्रश्न जमा आणि खर्च अशा दोन रकान्यांत मांडलेले दिसू लागतात. धंद्याचा गुण म्हणा की दोष म्हणा! लग्नाला गेले की आहेराच्या वहीत कोणाचे देणे फिटले नि कोणाचे राहिले याकडे माझे लक्ष; कुणी कुणावर मोठे उपकार केल्याची गोष्ट ऐकली की ती रक्कम शेवटी गेली कोणाच्या खात्यातून, हा प्रश्न आधी मनात येतो. २०१८ साली आमच्या परळच्या पेढीत एक तान्ह्या मुलाची आई बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाली, तेव्हाही मला तोच प्रश्न पडला. आम्ही तिथे अकरा माणसे. अकराही हिशेबात तरबेज. पण हा एक हिशेब मांडायची कोणाचीच तयारी नव्हती.

मुलगी बदलापूरहून यायची. २०१७ च्या दुरुस्तीने भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली होती, हे तिचे भाग्य. आमच्या वेळच्या बायका तीन महिन्यांचे पोर सासूच्या हवाली करून लोकल पकडत, त्यांना विचारा! पण हिचे पाच आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडले होते, तेव्हा परतली त्या दिवशी मूल जेमतेम पाच महिन्यांचे. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, आणि त्यापुढेही वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रजा संपली होती, दूध संपले नव्हते.

ज्या पुरुष वाचकांनी बायकोची बाळंतपणे माहेरी होऊ दिली आणि तयार, न्हाऊमाखू घातलेली मुले घरी आणली, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. दूध मस्टर पाहून येत नाही. तीनचार तास काढले नाही, तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, ताप भरतो. आणि असेच रोज होऊ लागले की ते आटायला लागते. डब्यात दुसऱ्याच बाईचे मूल रडले तरी हिचा पान्हा फुटायचा आणि ही पदर सावरत दाराशी जाऊन उभी राहायची. अंगावर एक जादा ओढणी तिने वर्षभर बाळगली ती हौसेने नव्हे.

कायदा तिच्या बाजूला होता. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत आईला, जेवणाच्या सुट्टीखेरीज, दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ द्यावा, हे १९६१ च्या कायद्यात होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते तसेच उतरले. ५० माणसांच्या कचेरीत पाळणाघर हवे आणि आईला तिथे दिवसातून चारदा जाता आले पाहिजे, असेही २०१७ साली ठरले. पण या कायद्याच्या डोळ्यांपुढचे मूल हाकेच्या अंतरावर आहे. हिचे मूल बदलापूरला आजीच्या मांडीवर! दहा माणसांच्या पेढीला लागू होणारा नियम आम्हाला लागू होता, पन्नासांचे पाळणाघर नव्हते. तेव्हा तिने दूध काढायचे यंत्र आणले, बर्फाच्या पिशव्या घातलेला एक डबा आणला, आणि 'कुठे बसू?' म्हणून विचारले.

साहेबांनी संडासाकडे बोट दाखवले. मी म्हटले, 'साहेब, तुमचा जेवणाचा डबा आजपासून तिथेच उघडत जाऊ या का?' ते बिचारे ओशाळले. मग जुन्या खतावण्यांची खोली मिळाली. तिला आतून कडी नव्हती; सुताराने दीडशे रुपयांत बसवून दिली. बाहेर कुणीतरी थट्टेने 'हिरकणी' अशी चिठ्ठी चिकटवली. एस.टी. स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे, तिची ही नक्कल.

खोलीचा प्रश्न असा दीडशे रुपयांत सुटला. मिनिटांचा सुटेना. वीस वीस मिनिटे दोनदा, म्हणजे दिवसाची चाळीस. साहेबांनी अर्जावर सही केली, पेन टोपणात घातले आणि म्हणाले, 'फक्त कामाचा खोळंबा नको. तुम्ही आपसात सांभाळून घ्या.'

आपल्या कचेऱ्यांतून हे वाक्य किती गोड आवाजात उच्चारले जाते! त्यात घरोबा आहे, विश्वास आहे, जणू वडील माणसाचा आशीर्वाद आहे. जागा रिकामी ठेवून माणूस भरायचे नसले की आपसात सांभाळून घ्या. यंत्र बिघडून दुरुस्त करायचे नसले की आपसात सांभाळून घ्या. सांगणाऱ्याच्या खिशाला तोशीस नाही, आणि न सांभाळणारा मात्र खडूस ठरतो. आमच्याकडे तीन खिडक्या होत्या. पहिली माझी, मधली तिची, तिसरी एका चाळिशीतल्या अविवाहित गृहस्थांची. ती त्यांना दादा म्हणायची. मधली खिडकी मिटली की तिथली रांग मधोमध फाटून आमच्या दोघांपुढे येऊन उभी राही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठेवींचे व्याज न्यायला म्हातारी मंडळी लोटत, तेव्हा तर नोटा मोजता मोजता पाणी प्यायला सवड नसे. तिची वीस मिनिटे पेढीने दिली, असे कागद सांगत होता. ती जात होती दादांच्या नि माझ्या खात्यातून.

तिला हे दिसत नव्हते असे नाही. दर सोमवारी ती बेसनाचे लाडू आणायची. जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटे कापून ती आमची बेरीज तपासून द्यायची. दोनदा 'मला भूकच नाही' म्हणाली, तेव्हा मी तिला हाताला धरून डब्यापुढे बसवले. हक्काने मिळालेल्या वेळेचे आभार मानता मानता ती अर्धी झाली होती. दादा लाडू खात, 'छान झालेत' म्हणत, आणि आत धुमसत. एके दिवशी संध्याकाळी ताळा लागेना, सात वाजले, तेव्हा ते म्हणाले, 'ताई, हिरकणी कडा उतरली हे ठीक. पण तिच्या वाटचा पहारा कोणी द्यायचा?'

मी हसले, पण वाक्य मनात राहिले. गोष्ट आपल्याला पाठ आहे: रायगडाचे दरवाजे मिटले, हिरकणी गवळण कोजागिरीच्या रात्री कडा उतरून तान्ह्याकडे गेली, महाराजांनी तिचे कौतुक केले आणि तिथे बुरूज बांधवला. गडाच्या दृष्टीने ते योग्यच. बाई उतरली तिथून शत्रू चढू शकतो. आपण मात्र कौतुक तेवढे ध्यानात ठेवतो, आणि बुरुजाने ती वाट बंद झाली हे विसरतो.

दादांचे दुखणे वेगळेच होते. वडील लालबागला, अर्धांगाने आडवे. शेजारीण सकाळी चहा पाजी, दुपारी भरवायला कोणी नाही. दोन वर्षांपूर्वी दादांनी दुपारी अर्धा तास मागितला होता. 'नियमात बसत नाही' म्हणून नाकारला गेला. ते मला म्हणाले, 'माझ्या बापालाही हाताने भरवावंच लागतं ना?' याला काय उत्तर द्यायचे? तान्ह्या मुलाच्या आईची गोष्ट निराळी आहे, असे मला तेव्हाही वाटत होते नि आजही वाटते. तिचे काम दुसऱ्या कोणाला करता येत नाही, ते शरीरच करते, आणि पंधराव्या महिन्याला त्याची मुदत संपते. बापाच्या आजाराला मुदत नसते. पण म्हणून दादांची मागणी लहान होत नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांचे गाऱ्हाणे मधल्या खिडकीशी नव्हतेच. ते आतल्या काचेच्या खोलीशी होते. आवाज तिथपर्यंत जात नाही, म्हणून माणूस जवळच्या माणसावर खेकसतो.

याच सुमारास रांगेत एक प्रकार घडला. खिडकी बंद पाहून एक गृहस्थ करवादले, 'बायकांना घरीच बसवायला पाहिजे!' त्यांच्यामागे आमची एक जुनी खातेदार होती, ऐंशीच्या घरातली, गिरणी कामगाराच्या चाळीत जन्मलेली. ती म्हणाली, 'माझी आय गिरनीत जायची, तवा मला गोळी द्यायची. अफूची. पोर दिसभर निजून राहायचं. मी उठले, माझा भाव काय उठला न्हाई.' एवढे बोलून तिने पासबुक पुढे केले. मी व्याज मोजून दिले. बाळागोळी देऊन मुले निजवण्याची ही रीत त्या काळच्या मुंबईतल्या पाहण्यांत नोंदलेली आहे. पण छापील अहवाल वाचणे वेगळे आणि ते मूल ऐंशी वर्षांचे होऊन आपल्यापुढे उभे असणे वेगळे.

याच परळ-लालबागच्या गिरण्यांतल्या बायांसाठी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले होते. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि लोकांचे कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्याने या खर्चाचा बराच भार सरकारने उचलावा, अशा आशयाचे मत मांडले. १९२९ साली कायदा झाला. भार मालकांवर गेला. राज्य कामगार विम्यात असलेल्या बाईला पगार विम्यातून मिळतो. बाकीच्यांचा हिशेब आजही मालकाच्याच नावे आहे. आणि मालक काय करतो? पुढच्या वर्षी आमच्याकडे जागा निघाली, तेव्हा साहेबांचा मुलींना पहिला प्रश्न असे, 'लग्न झालंय का?' मुलांना तो एकदाही विचारलेला मी ऐकला नाही.

शेवटी मी एक साधी गोष्ट मागितली. पाळी लिहून लावा. अकरा चाळीस ते बारा आणि तीन दहा ते साडेतीन मधली खिडकी बंद, अशी पाटी राहील. तेवढ्या वेळात कर्जविभागातला कोणीतरी येऊन बसेल, आणि नाही आला तर साहेब स्वतः बसतील. 'मी?' साहेब म्हणाले. व्याजाच्या आठवड्यात ते खरोखर दोन दिवस बसले. दुसऱ्या दिवशी पाचशेच्या दोन नोटा ज्यादा गेल्या, त्या शोधता शोधता रात्रीचे आठ वाजले. तिसऱ्या दिवशी कर्जविभागातला मुलगा वेळेवर हजर होता!

दादांचा अर्ज तिच्या अर्जाला जोडावा, असे काहींनी सुचवले. मी साफ नाही म्हटले. दोन्ही मागण्या एका कागदावर गेल्या असत्या, तर नाकारताना एकाच सहीत दोन्ही गेल्या असत्या. दादांचे वेगळे बोलणे झाले. त्यांना आठवड्यातून तीन दिवस दुपारी जाऊ देऊ लागले, संध्याकाळी भरून देण्याच्या बोलीवर. लिहून मात्र कधीच मिळाले नाही. तिला हक्क, त्यांना मेहेरबानी. हा फरक पेढी सोडेपर्यंत मला खुपत राहिला. वडील त्याच पावसाळ्यात गेले. त्या सोमवारी तिने लाडू आणले नाहीत, दादांची खिडकी मात्र तिने दिवसभर चालवली.

मुलाला पंधरावा महिना पुरा झाला तो दिवस तिने स्वतःच साहेबांना लिहून कळवला. पाटी उतरली, डबा घरी गेला, खतावण्यांच्या खोलीची कडी तेवढी राहिली. खातेदारांना मात्र कोणी कळवले नव्हते. पुढे कितीतरी दिवस तीन वाजून दहा मिनिटे झाली की मधल्या खिडकीपुढची म्हातारी मंडळी, ती समोर बसलेली असूनही, आपणहून माझ्या खिडकीकडे सरकत.