गढवाल हीरोज आणि दिल्लीचे पहाडी फुटबॉल

गढवाल हीरोज हा दिल्लीतील जुन्या फुटबॉल क्लबांपैकी एक. गढवालच्या डोंगराळ मुलखातून पोटापाण्यासाठी राजधानीत आलेल्या लोकांनी तो १९५३ साली काढला. दिल्लीतले बहुतेक क्लब दीर्घकाळ हौशी आणि व्यावसायिक यांच्या मधल्या पायरीवर राहिले. खेळाडू नोकरी सांभाळून खेळत, आणि सरकारी खात्यात किंवा बँकेत नोकरी मिळण्याची वाट अनेकदा मैदानावरूनच जाई. त्याच सुमारास समुद्रापार गेलेले ग्रीकही असेच आपल्या लोकांचे क्लब काढत होते. मेलबर्नमध्ये १९५९ साली त्यांनी साउथ मेलबर्न हेलास उभा केला. न्यूयॉर्कच्या ग्रीक अमेरिकन संघाने तर १९६७, १९६८ आणि १९६९ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेचा ओपन कप जिंकला.

डुरंड चषकाच्या जुन्या आठवणी दिल्लीला येणाऱ्या फुटबॉलवेड्याला थेट आंबेडकर स्टेडियमकडे ओढतात. गढवाली क्लबाचा माग काढायचा असेल तर मात्र आधी द्वारकेत उतरावे. एकेकाळी पप्पनकलां म्हणून ओळखला जाणारा हा भाग दिल्ली विकास प्राधिकरणाने उपनगर म्हणून वसवला. त्यातला मोठा हिस्सा सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचा आहे. शेजारी पालम, महावीर एन्क्लेव्ह, डाबरी या दाट वस्त्या लागतात आणि तिथे उत्तराखंडातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. नवख्याला द्वारकेचा त्रास होतो तो सेक्टरांच्या क्रमांकांमुळे. मेट्रो चौदा, तेरा, बारा असे उतरत आठपर्यंत येते आणि पुढचे स्थानक एकदम एकवीस! विमानतळाजवळची स्वस्त गेस्ट हाऊसे मुक्कामाला वाईट. खोलीला खिडकी असलीच तर ती भिंतीकडे उघडते आणि विमानांची घरघर पहाटेपर्यंत थांबत नाही. २०२३ साली उघडलेले यशोभूमी हे प्रचंड संमेलन केंद्र पाहायला पाच मिनिटे पुरतात. सेक्टर बारामधली लोदी काळातील लहानशी बावडी मात्र चुकवू नये. उंच इमारतींच्या कुशीत ती उभी आहे, आणि इथे वस्ती करणारे आपण पहिले नव्हे, हे तिच्या पायऱ्या पाहून कळते.

द्वारकेहून शहरात जाणारी निळी मेट्रो ३१ डिसेंबर २००५ रोजी सुरू झाली. करोल बाग आणि झंडेवालान मागे पडले की पंचकुइयां रोडचा परिसर येतो. गढवाल भवन याच रस्त्यावर आहे, आणि दिल्लीच्या मराठी माणसांची नूतन मराठी शाळा इथून जवळच, पहाडगंजात. दोन मुलखांची माणसे राजधानीच्या एकाच कोपऱ्यात आपापले छप्पर शोधत आली, ही गोष्ट मराठी प्रवाशाला इथे थांबायला लावते आणि पुढचे वेळापत्रक बाजूला पडते.

गढवाली माणूस दिल्लीत का आला, याचे उत्तर दोनशे वर्षांमागे जाते. गुरख्यांशी झालेल्या युद्धानंतर १८१५-१६ मध्ये इंग्रजांनी गढवालचे दोन तुकडे केले. पूर्वेकडचा भाग स्वतःकडे ठेवला आणि उरलेले टिहरी संस्थान राजाला दिले. डोंगरउतारावरच्या वाफ्यांत घराचे वर्षभर भागेल एवढे धान्य पिकत नसे, म्हणून तरुण फौजेत जाऊ लागले. १८८७ साली गढवाली पलटण उभी राहिली आणि लान्सडाऊन ही तिची छावणी झाली. याच पलटणीच्या दरवान सिंग नेगी आणि गबर सिंग नेगी यांनी पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरमध्ये निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला तो चंद्रसिंग गढवालींच्या तुकडीने. छावणीत कवायतीबरोबर फुटबॉलही होता. तरुण सुट्टीवर आले की तो गावात पोहोचे. ज्या समाजाला शौर्याच्या या दोन्ही कथा आपल्या वाटतात, त्याने क्लबाच्या नावात ‘हीरोज’ घालावे यात नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर फौजेबरोबर सरकारी कचेऱ्यांची वाट उघडली. गिरणगावातला कोकणी चाकरमानी जसा मनीऑर्डरवर गावचे घर चालवी, तसाच दिल्लीतला गढवाली कारकून, शिपाई, स्वयंपाकी पौडी-चमोलीचे घर चालवत होता. शहरात त्याचे असे फार थोडे होते. संघ मात्र त्याचा होता, आणि मैदानावर त्याच्या गावाच्या मुलखाचे नाव मोठ्याने घेता येई.

पुन्हा निळ्या मेट्रोत बसून मंडी हाऊसला गाडी बदलून दुसऱ्या स्थानकावर, दिल्ली गेटला उतरले की आंबेडकर स्टेडियम येते. शेजारी फिरोजशाह कोटला आहे, समोर खूनी दरवाजा. गर्दी त्यांच्याकडे वळते, तिला वळू द्यावे. स्टेडियमचे जुने नाव कॉर्पोरेशन स्टेडियम. डुरंड स्पर्धा १८८८ साली सिमल्याजवळच्या डगशाईत सुरू झाली आणि १९४० साली दिल्लीत आली. त्याच वर्षी मोहमेडन स्पोर्टिंगने ती जिंकली. कोणत्याही भारतीय संघाचा हा पहिला डुरंड विजय होता. पुढे अनेक दशके तिचे सामने आंबेडकर स्टेडियमवर रंगले. १३ ऑगस्ट २००८ रोजी याच मैदानावर सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरवून एएफसी चॅलेंज कप जिंकला.

दिल्लीच्या फुटबॉलचा इतिहास बहुतेक वेळा अशाच चषकांच्या यादीने सांगितला जातो. ही मांडणी अपुरी आहे. डुरंड २०१९ साली कोलकात्याला गेला आणि दिल्लीतलाच डीसीएम चषक त्याआधीच बंद पडला होता. मागे उरले ते स्थानिक साखळीतले क्लब. जुन्या दिल्लीच्या मोहल्ल्यांनी, बंगाल्यांनी, सिमल्याहून आलेल्या नोकरदारांनी आणि गढवाल्यांनी ते जिवंत ठेवले. खालसा कॉलेजात इंग्रजी शिकवणारे, २०२१ साली निवर्तलेले नोवी कपाडिया हे या जगाचे मोठे जाणकार. बड्या स्पर्धांइतकेच या क्लबांवर त्यांचे प्रेम होते. दिल्लीचा इतिहास त्या प्रेमाच्या बाजूने लिहिला गेला पाहिजे.

मुलखाच्या नावाचा संघ फूट पाडतो, हा आक्षेप जुनाच आहे. मुंबईतल्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांना गांधीजींनी १९४० साली विरोध केला आणि काही वर्षांत ते बंदही झाले. तिथे संघ धर्मावर उभे होते आणि जन्म चुकला तर प्रवेश नव्हता. स्थलांतरितांचा क्लब वेगळा असतो. तो एका मुलखाचे नाव घेऊन उभा राहतो आणि चांगला खेळणाऱ्या कुणालाही सामावून घेतो. गढवालच्या नावाने पुढे ईशान्येकडचे आणि परदेशी खेळाडूही खेळले. ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल महासंघाने हे ओळखायला उशीर लावला. २०१४ साली त्याने नव्या क्लबांच्या नावांत आणि चिन्हांत वांशिक ओळख दाखवण्यावर बंदी घातली आणि २०१९ साली ती मागे घेतली. ज्या क्लबांची ओळख खटकत होती, त्यांच्यापैकीच साउथ मेलबर्नने जानेवारी २००० मध्ये ब्राझीलला जाऊन पहिल्या फिफा क्लब जागतिक स्पर्धेत ओशनियाचे प्रतिनिधित्व केले होते. तेव्हा त्याचे प्रशिक्षक होते आँगे पोस्टेकोग्लू. ते लहानपणी ग्रीसहून मेलबर्नला आले होते.

२००० साली उत्तराखंड राज्य झाले, तरी डोंगर उतरणारी माणसे थांबली नाहीत. २००१ ते २०११ या दशकात पौडी जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. दिल्लीत मात्र गढवालचे नाव आज एकाहून अधिक संघ लावतात. २०२० साली आय-लीगच्या पात्रता फेरीत खेळलेल्या पाच संघांत गढवाल एफसी होता. दिल्लीचा गढवाल युनायटेड हा महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून वर चढून २०२५-२६ च्या इंडियन विमेन्स लीगसाठी पात्र ठरला.