नकाशा कुठे टाकू म्हणतोस?

जामनेर

भाचेबुवा,

तुझी चित्रपानं पोचली. पीजेचा, म्हणजे आपल्या पाचोरा-जामनेर गाडीचा डबा, खिडकीत कोंबलेली पोरं, वरखेडीचा फलाट, सगळं झकास. पण पहिल्याच पानावर मोबाइलमधून उचललेला नकाशा पाहिला आणि माझं डोकं फिरलं. अरे, त्यात पेट्रोलपंप आहेत आणि पीजेच नाही! ज्या अडीच फुटी रुळावरून वाचकाला नेणार, तोच गायब?

नकाशा कुठे टाकू, एवढंच तू विचारलंस. मी म्हणतो, टाकूच नकोस, पसर. पाचोरा पश्चिमेला, जामनेर पूर्वेला. आपण वाचतोही डावीकडून उजवीकडे. मग प्रत्येक पानाच्या तळाशी रूळ धावू दे: वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा. परतीला गाडी वाचणाऱ्याच्या डोळ्यांविरुद्ध जाईल. सुट्टी संपल्यावर तू कसं तोंड करून बसायचास, ते न लिहिता कळेल.

आणि मोजपट्टी किलोमीटरची कशाला? 56 किलोमीटरला गाडी दोन तासांहून जास्त घ्यायची. जिथे रेंगाळली तिथे रूळ लांबव. पहूरला मात्र दक्षिणेकडे एक बाण हवाच. अजिंठ्याकडून येणारी वाघूर तिथे भेटते आणि अजिंठ्याला जाणारे बरेच पाहुणे तिथूनच जातात.

जो सॅको या चित्रपत्रकाराचं, बोस्नियातल्या गोराझ्देवरचं पुस्तक मीच तुला दिलं होतं, परत आलेलं नाही. त्यात नकाशा लागतोच, कारण गावाला पडलेला वेढा हाच तिथला विषय. तुझ्या गोष्टीत वेढा नाही, वाट आहे. संपूर्ण चित्र आधीच दाखवलंस तर पुढचं स्टेशन कोणतं याची उत्सुकता कुणाला राहील?

साल घालायला विसरू नकोस. गाडी 2020च्या मार्चमध्ये थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेजचं काम, पुढे बोदवडपर्यंत. तू काढलेला रूळ उद्या कुणी शोधायला आलं तर त्याला कळायला हवं, हा कधीचा.

म्हणूनच तू मार्गावरून चालत येणार म्हणतोस ते पटतं, पण वैशाखात? वेड लागलंय का? खानदेशातलं ऊन पुण्याला बसून कळत नाही. दिवाळीनंतर ये. तेवढंही थांबवत नसेल, तर पहाटे निघ, बूट घाल, कांदा खिशात ठेव आणि पहूरहून फोन कर. मी मोटरसायकल घेऊन येतो. एकटा पुढे निघू नकोस, काम चालू असलेल्या ठिकाणी तर मुळीच नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही. तूच सांग.

तुझा,
मामा