नसेशेजारची बेटं

नवा रायपुरात आमच्या पॅथॉलॉजीच्या टेबलावर तोंडाच्या बायोप्सींना खंड नसतो. गुटखा, सुपारी आणि त्यात इथला गुडाखू. तंबाखू नि काकवीची ही काळी लुगदी बायकासुद्धा दात घासायला वापरतात. त्यामुळे बऱ्याच स्लाइड ओळखीच्याच : वरचा थर पातळ झालेला, खाली कोलॅजेनचा गुलाबी गिलावा, रक्तवाहिन्या आवळलेल्या. सबम्यूकस फायब्रोसिस. मुंबईच्या डॉ. जोशींनी 1953 मध्ये त्यावर लिहिलं आणि 1956 मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. पेमास्टर यांनी त्याचा कर्करोगाशी संबंध दाखवला. इथे नवल कसलंच नाही, आणि भीती मात्र इथेच जास्त.

नवलाच्या गोष्टी बहुधा निरुपद्रवी निघतात. दात काढलेल्या जागी गाठ येते, रुग्ण हादरलेला असतो. लेन्सखाली मात्र कुरडईच्या तुकड्यांसारखी गुलाबी वेटोळी दिसतात आणि त्यांना बिलगलेल्या महापेशी. जखमेत शिरलेला डाळीचा कण! पल्स ग्रॅन्युलोमा. हिरडीवरचा काळा डाग मेलॅनोमा म्हणून येतो आणि तंतूंच्या कडेने बसलेले काळे कण सांगतात, ही तर दातात भरलेली चांदी.

सगळ्यात फसवा प्रकार मात्र गालाच्या मागे, जबड्याच्या कोनाजवळ खोलवर असतो. नसेला खेटून पेशींची छोटी बेटं. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतला तुकडा फ्रोझन सेक्शनला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच तपासायला, आलेला, सर्जन तिकडे थांबलेले, आणि इथे नसेभोवती हे दृश्य. कर्करोग नसेवर चढला, असंच प्रथम वाटतं. तसं कळवलं, तर निरोगी भागावरही सुरी चालणार.

पण ही बेटं म्हणजे चिएवित्झचा अवयव. डेन्मार्कच्या या शरीरशास्त्रज्ञाने 1885 मध्ये तो वर्णिला. तो गर्भातच तयार होतो आणि मोठेपणीही राहतो. पाठ्यपुस्तकं त्याला फारशी जागा देत नाहीत, हे मला पटत नाही.

अशा वेळी मी मूळ गाठीची स्लाइड मागवते आणि दोन्ही आलटून पालटून पाहते. गाठीतली केंद्रकं वेडीवाकडी, कुठे केराटिन, कुठे विभाजन. बेटांतली एकसारखी, शांत. विभाजन शोधूनही सापडत नाही. जागाही अगदी चिएवित्झच्या अवयवाचीच. मग फोन उचलते : "सर, नस मोकळी आहे. इथे आणखी कापू नका."