पाइनवनांच्या बेटांकडे

रात्री नकाशा पसरून बसलो. जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून सुटणाऱ्या मेल्तेमी वाऱ्याचा अंमल ओसरल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, शिडाची नौका आठवडाभर भाड्याने घेऊन ग्रीसच्या स्कियाथोस बेटाहून निघावे, स्कोपेलोसच्या पानोर्मोस उपसागरात नांगर टाकून काठावरल्या पाइनच्या खोडाला दोर बांधावा आणि तेथून अलोनिसोसकडे वळावे, असा बेत मुक्रर केला. पुढे पिपेरी बेट. भूमध्य समुद्रातील मंक सीलच्या रक्षणार्थ १९९२ साली स्थापन झालेल्या सागरी उद्यानातील या बेटाच्या ३ सागरी मैलांच्या आत नौकांना मज्जाव आहे. पेन्सिल तेथेच थांबली. मनाईचा हा हुकूम मला मनापासून प्रिय वाटतो. गुहेच्या काळोखात पिलाला कुशीत घेऊन निजलेली ती दुर्मीळ माता डोळ्यांपुढून हलेना. मी त्या वर्तुळाबाहेरूनच रेघ ओढली.