पन्न्याची माती : हिरा आणि स्फटिक

बुंदेलखंडातील पन्ना आपणां मराठी माणसांना परके नाही. महाराजा छत्रसालांची ही राजधानी. १७२९ साली महंमदखान बंगशाच्या कचाट्यातून पहिल्या बाजीरावांनी त्यांना सोडविले आणि कृतज्ञतेपोटी राज्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. खजुराहोची शिल्पे पाहून परतणाऱ्याने थोडी वाट वाकडी केली, की प्राणनाथांचे आणि जुगलकिशोराचे मंदिर असलेले हे गाव लागते. ‘पन्ना’ म्हणजे पाचू. परंतु येथील भूमी देते तो हिरा!

मझगवाँची मोठी यंत्रखाण प्रसिद्ध आहे. पण पन्न्याचे खरे दर्शन घडते ते उथळ खाणींत. आठ मीटर लांबीरुंदीचा तुकडा सरकारकडून पट्ट्याने घ्यावयाचा, माती उपसून खडीच्या थरापर्यंत, म्हणजे ‘चाल’पर्यंत पोहोचावयाचे, ती खडी धुऊन उन्हात वाळवावयाची आणि मग जमिनीवर पसरून हाताने निवडावयाची. सारे कुटुंब या कामी राबते. हाती येतात ते बहुधा स्फटिकाचे खडे. हिरा मिळालाच, तर तो हिरा कार्यालयात जमा होतो आणि लिलावानंतर स्वामित्वधन वजा जाता रक्कम मिळते.

रत्नशास्त्रात स्फटिकालाही स्थान आहे. तथापि दोघांचे कूळ निराळे. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, तर स्फटिक म्हणजे सिलिका. मोह्सच्या कोष्टकात हिऱ्याचे काठिण्य १०, स्फटिकाचे ७; परंतु हे आकडे केवळ क्रम दाखवितात, प्रत्यक्षात हिरा कित्येक पटींनी कठीण आहे. विशिष्ट गुरुत्व अनुक्रमे ३.५२ आणि २.६५, म्हणूनच पाण्यात हेलकावताना हिरा खाली बसू लागतो. वक्रीभवनांक २.४२ आणि १.५५, हिऱ्याच्या तेजाचे मर्म येथे आहे. हिरा उष्णता फार वेगाने वाहून नेतो, म्हणून त्यावर सोडलेल्या श्वासाची वाफ क्षणात विरते. स्फटिकावर ती रेंगाळते. पाणी हिऱ्याला चिकटत नाही, चरबी मात्र चिकटते.

‘घणाचा घाव सोसेल तोच हिरा’ ही समजूत मात्र घातक होय. ओरखड्याला दाद न देणारा हिरा विशिष्ट प्रतलांवर आघात होताच दुभंगतो. स्फटिकाला असे पाटन जवळजवळ नाहीच. या परीक्षेत खरा हिराच चुरा व्हावयाचा आणि वर्षाची मेहनत मातीला मिळावयाची!

२०१८ साली येथील एका मजुराला बेचाळीस कॅरटांहून अधिक वजनाचा हिरा लाभला. अशा वार्तांवर शेकडो कुटुंबांची आशा तगते. पण कित्येक पट्टे हिऱ्याविना संपतात.

आणि याच पन्न्यात वालुकाश्माच्याही खाणी आहेत. वालुकाश्म म्हणजे बव्हंशी स्फटिकाचेच कण. फोडताना उडणारी त्याची सूक्ष्म धूळ मजुरांच्या फुप्फुसांत साचते आणि ‘सिलिकोसिस’ हा असाध्य रोग जडतो. ओला वेध, धूळ अडविण्याची सोय आणि वेळेवर तपासणी यांनी तो टाळता येतो. निवडताना निरुपयोगी म्हणून फेकलेला स्फटिक असा सूड उगवितो. पन्न्याला जाणाऱ्याने हिऱ्याची चौकशी अवश्य करावी. परंतु दगड फोडणाऱ्याच्या खोकल्याकडेही कान द्यावा.