भट्टीवरची पाळी

2020 च्या एप्रिलात, कोरोनाच्या टाळेबंदीत, आमच्या ईट गावच्या भागात दोन भाव एकदमच कोसळले. एक गायीच्या दुधाचा आणि दुसरा माणसाच्या हजेरीचा. पुण्या-मुंबईतली हॉटेलं बंद, टपऱ्या बंद, मिठाईची दुकानं बंद, लग्नं बंद. लिटरला तीस-बत्तीस रुपये मिळणारं दूध वीसच्या आसपास आलं. सरकारनं रोज 10 लाख लिटर दूध 25 रुपयांनी घेऊन भुकटी करायची योजना काढली, पण ती दूध संघांसाठी होती. आमच्या भूम तालुक्यात पुष्कळ दूध जातं ते खव्याच्या भट्ट्यांना. कुंथलगिरीच्या नावानं ओळखला जाणारा खवा आणि पेढा याच पट्ट्यातला. सोलापूर-धुळे रस्त्यानं जाणारा माणूस सरमकुंडी फाट्यावर थांबून जो पेढा घेतो, त्याच्या मागं अशाच गावागावातल्या भट्ट्यांचा धूर असतो.

हजेरी पडायला कारण आम्ही पोरं. चाकण, भोसरी, रांजणगाव, पनवेल, मिळेल त्या गाडीनं आणि नाहीतर पायी आम्ही परत आलो. एप्रिलच्या मध्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांनाही घरी जायची परवानगी मिळाली. बालाघाटाच्या या माळावर एरवी उन्हाळ्यात माणूस शोधावा लागतो. त्या वर्षी माणसंच माणसं झाली.

मी आयटीआय केलेला फिटर. चाकणला कंत्राटी होतो. मार्चचा अर्धा पगार आला, बाकीचा विचारायला फोन केला तर कंत्राटदार आधी म्हणाला दोन दिवसांत सांगतो, मग म्हणाला वरून निरोप नाही, मग फोन उचलेना. कामावरून काढलं असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस विलगीकरणात पडून होतो तेव्हाही मी फोन उशाशी ठेवत होतो, न जाणो रिंग आली तर. नुसतं लटकून राहणं काय असतं ते त्या शाळेच्या वर्गात कळलं.

घरी साडेतीन एकर कोरडवाहू. वडील म्हणाले, अण्णाच्या भट्टीवर विचारून बघ.

अण्णा साठीला टेकलेले. अंगात बंडी, गळ्यात गमजा, तोच तोंडाला बांधलेला. भट्टीपुढच्या लिंबाखाली बाज टाकून बसले होते. आधीच पाच-सहा जण अंतर ठेवून उभे होते. अण्णांनी एकेकाला पुढं बोलावलं.

"कुणाचा रं तू?"

सांगितलं.

"फिटर हाईस व्हय. मशीन तर न्हाई माझ्याकडं. हिशेब येतोय का?"

"येतो, अण्णा."

"घरी खाणारी तोंडं किती? दूध घालता का कुठं? रेशन मिळतंय का?"

मला राग आला होता. नोकरी मागायला आलोय, भीक नाही, असं मनात होतं. अण्णा सगळं वहीत लिहून घेत होते. शेवटी म्हणाले, "परवा सांजच्याला ये. हो असलं तर हो सांगीन, न्हाई असलं तर न्हाई म्हणून सांगीन. पर सांगीन."

परवा मी गेलो. माझ्या पुढचा पोरगा पदवीधर, शिक्षक भरतीची वाट बघणारा. त्याला अण्णा सरळ म्हणाले, "तुझा भाऊ पगारदार हाय, घरी दोन म्हशी हायत. तुला ह्या महिन्यात काम न्हाई. पुढच्या महिन्यात बी खात्री देत न्हाई. दुसरीकडं बघ, माझ्या भरवशावर राहू नको." पोरगा तोंड पाडून गेला. मला वाटलं, किती तोडून बोलतो हा माणूस. महिनाभरानं तोच पोरगा मला भेटला. बार्शीच्या एका डाळ मिलमध्ये लागला होता, आणि तिथला फोन नंबर अण्णांनीच दिला होता.

मला ठेवलं. हिशेबाला आणि वेळ पडली तर कढईवर.

खव्याचं काम लांबून बघणाऱ्याला सोपं वाटतं. गायीचं पाच-साडेपाच लिटर दूध आटलं तेव्हा किलोभर खवा उतरतो, म्हशीचं असलं तर चारेक लिटरला. तेवढा वेळ लांब दांड्याचं उलथनं तळापासून फिरवत राहावं लागतं. हात थांबला की तळ धरतो, आणि तळ धरलेला खवा कुणी घेत नाही. खाली लाकडाचा जाळ, वर मे महिना. चाकणच्या लाइनवर बारा तास उभा राहणारा मी पहिल्या कढईला खांद्यातून गेलो.

आता प्रश्न असा की दुकानं बंद असताना एवढा खवा करून ठेवायचा कुठं? शीतगृहात. गणपती-दिवाळीपर्यंत बाजार उघडेल या आशेवर. भाडं चालू, पैसा अडकलेला, आणि उघडला नाही तर सगळं पाण्यात. म्हणून अण्णांनी कढया निम्म्या केल्या होत्या. सात-आठ जणांचं काम उरलं होतं आणि वहीत नावं होती चाळिसाच्या पुढं.

अण्णांनी पाळ्या लावल्या. पंधरा दिवस एक गट, पुढचे पंधरा दिवस दुसरा. कढईवरचे दोन जुने कारागीर तेवढे कायम, कारण खवा बिघडला तर सगळ्यांचीच पाळी संपली. बाकी सगळे फिरते. हजेरी मात्र आधीचीच, तीनशे रुपये. गावात तेव्हा माणसं दीडशेला यायला तयार होती. एक जण तर माझ्यासमोर म्हणाला, "अण्णा, शंभर द्या, पर रोज बोलवा." अण्णांनी त्याला बसवून चहा दिला आणि नाही म्हणाले.

यावरून भांडणंही झाली. दूध घालणारे शेतकरी दहा दिवसांचं बिल घ्यायला आले की कुरकुर करायचे, "मजुराला तीनशे आणि आमच्या दुधाला वीसच?" हा प्रश्न खोटा नव्हता. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "दुधाचा भाव माझ्या हातात न्हाई, खवा उठंना. हजेरीचा हाय." काहींना पटलं नाही. त्यांनी दूध दुसरीकडं नेलं. हिशेब माझ्याकडं असल्यामुळं मला दिसत होतं की अण्णांना ते लागत होतं, पण हजेरी त्यांनी खाली आणली नाही. एकदा मीच विचारलं, दोनशे केले तर आणखी चार माणसं बसतील की. ते म्हणाले, "गरज हाय म्हणून मी माणसाला दीडशेत धरला, तर उद्या माझी गरज बघून कुणी माझं दूध दहा रुपयानं मागंल. मग मी कुठल्या तोंडानं भांडू?" जुलै-ऑगस्टमध्ये दुधाच्या भावासाठी राज्यभर आंदोलनं झाली तेव्हा आमचे अण्णाही रस्त्यावर होते.

कॅन धुणाऱ्या बायकांना मात्र दोनशेच होते. तेवढंच काम, तेवढाच चटका. हा विषय मी काढला तेव्हा अण्णा म्हणाले, "गावचा रिवाज हाय," आणि पान उलटलं. माणूस एका ठिकाणी एवढा नेक आणि शेजारच्याच ओळीत असा कसा, हे मला अजून उलगडलेलं नाही.

ज्यांना पाळी देता आली नाही त्यांच्यासाठी अण्णांनी दुसरं काम मला लावलं होतं, नमुना 4 भरायचं. रोजगार हमीवर काम मागायचा अर्ज तो. मजुरी त्या वर्षी 238 रुपये होती. आमच्या शिकलेल्या पोरांना मस्टरवर नाव घालायची लाज वाटायची. अण्णा त्यांना म्हणायचे, "लाज घरी ठेव, जॉबकार्ड घेऊन ये." मी अर्ज लिहायचो, आणि अण्णांची एकच अट असायची, ग्रामपंचायतीकडून तारखेची पावती घ्यायची. पावती असली तर पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारभत्त्याचा हक्क लागू होतो. पावतीशिवाय अर्ज दिला की तो दिलाच नव्हता असं म्हणायला सगळे मोकळे. पावती देताना टाळाटाळ झाली तर अण्णा स्वतः गमजा बांधून जायचे.

गावातली म्हातारी माणसं म्हणायची, अण्णानं बहात्तरचा दुष्काळ बघितलाय म्हणून तो असा. असेलही. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, मिलोची भाकरी आणि सुकडी खायची. अण्णा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, आईबरोबर कामावर जायचे. वि. स. पागे यांनी मांडलेली, मागेल त्याला काम देणारी योजना याच दुष्काळात घट्ट झाली. तिच्या खर्चासाठी पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, 1977 ला तिचा कायदा झाला, आणि पुढं 2005 ला देशाचा कायदा आला. माणूस उपाशी असेल तर त्याला काम मिळणं हा त्याचा हक्क, हे आधी आमच्याच राज्यात लिहिलं गेलं. तरीही मला वाटतं, अण्णांच्या वागण्याचं मूळ बहात्तरपेक्षा त्यांच्या वहीत जास्त होतं. ते हिशेबी होते. कोण किती अडचणीत आहे हे त्यांनी मांडून ठेवलं होतं, आणि मांडलेलं दिसत असताना त्यांना भलतं करता येत नव्हतं. ज्यानं विचारलंच नाही त्याच्याकडून भलतं घडायला वेळ लागत नाही.

ते गोड मात्र अजिबात नव्हते. चहात साखर मोजून. पाळीवर उशीर झाला तर शिव्या. लग्नासाठी मोठी उचल मागायला आलेल्याला त्यांनी हाकलून दिलं, "मी काय मुकादम हाय का तुला बांधून घ्यायला?" आणि संध्याकाळी त्याच्या घरी धान्याचं पोतं पाठवलं, तेही वहीत नोंदवून.

गणपती त्या वर्षी ऑगस्टात आला आणि नुसताच गेला. खवा हलला तो ऑक्टोबरपासून, हॉटेलं उघडल्यावर. दिवाळीच्या आधी पुण्याला आणि हैदराबादला गाड्या भरून गेल्या. भाव फार मिळाला नाही. शीतगृहाचं भाडं वजा जाता अण्णांच्या हाती काय राहिलं ते मला ठाऊक आहे, पण ते त्यांचं आहे.

दिवाळीनंतर चाकणहून फोन आला. जुना नव्हे, दुसराच कंत्राटदार. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, जा, पण आधी हिशेब कुणाला तरी शिकवून जा. आठवडाभर मी बारावी झालेल्या एका पोरीला वही समजावली. दूध, फॅट, दहा दिवसांचं बिल, पाळ्या. तिला हजेरी किती, हे मी मुद्दाम अण्णांसमोर विचारलं. ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. "तुला हुती तीच," म्हणाले.

मग माझा हिशेब काढला. जूनमध्ये वडिलांच्या औषधाला आठशे रुपये उचल घेतली होती. ती मी विसरलो होतो, अण्णा विसरले नव्हते. आठशे कापले आणि उरलेले पैसे दोनदा मोजून हातात दिले.